न वापरलेली दाढ

प्रेमराज नाना सरकारी भांडारातून निवृत्त झाले तेव्हा भांडार जवळपास भरलेलंच होतं. वस्तू बाहेर काढली की ती जुनी होते, हे त्यांनी नोकरीभर पाळलं. धुळ्याच्या घरातही नवा टॉवेल पाहुण्यांसाठी असे, आणि पाहुणे आले की जुना काढून दिला जाई.

अशा माणसाच्या उजवीकडच्या दोन दाढा हिरड्यांच्या रोगाने गेल्या. जळगावच्या डॉ. मिसबाह यांनी हाडात स्क्रू बसवून त्यांवर नव्या दाढा चढवल्या. हा सारा खटाटोप बायकोच्या, बेबाबाईंच्या, कळण्याच्या भाकरीसाठी होता. ज्वारी-उडदाची ती खरपूस भाकरी नाना लग्नापासून चावून खात आले होते, आणि दाढा गेल्यापासून दुधात भिजवून गिळत होते.

"नाना, स्क्रू किडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण भोवतालची हिरडी तुमचीच आहे. जुना रोग तिथंही येतो. रोज नीट घासा, फटीत हा छोटा ब्रश फिरवा. रक्त आलं तर थांबू नका, मला दाखवा."

नानांनी मान डोलावली. घरी येऊन आरशात पाहिलं. काय ती चकाकी! घासून घासून तिचं वाटोळं करायचं? ब्रश उजवीकडे वळेनासा झाला. भाकरी पुन्हा दुधात, आणि घास डावीकडच्या उरल्यासुरल्या दातांकडे.

"दात तोंडमा शेतस का देव्हारामा?" बेबाबाईंनी विचारलं.

"जपून वापरतो."

"वापरतस कधी?"

पुढे हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं. नानांनी तिकडे बोट लावणंही बंद केलं. तपासणीला गेले नाहीत, कारण चांगली वस्तू दुरुस्तीला कशाला न्यायची? मग तोंडाला वास आला, आणि एके सकाळी जिभेच्या धक्क्याने पुढची दाढ हलली.

डॉक्टरीणबाईंनी ती स्क्रूसकट काढून ताटलीत ठेवली.

"दाढ कशी आहे?" नानांनी तोंडातल्या कापसाच्या बोळ्याआडून विचारलं.

"उत्तम. एक ओरखडा नाही. भोवतालचं हाड विरघळलं."

"मग दुसरी बसवा."

"कशात? आणि बसवली तरी हाच रोग तिलाही सोडणार नाही. शेजारची अजून घट्ट आहे. तेवढी सांभाळा. म्हणजे घासा, नाना. सांभाळा म्हटलं की तुम्ही भलतंच करता."

परतीच्या एसटीने एरंडोल मागे टाकलं. पारोळा आल्यावर बेबाबाई म्हणाल्या, "मनी भाकर त्या दाढले एकदा तरी लागनी का?"

नानांची नजर त्यांच्या मनगटाकडे गेली. गेल्या हिवाळ्यात ते आखडलं, तेव्हापासून त्यांना भाकरी थापवत नव्हती. आता शेजारच्या बाईच्या भाकरी येत; पातळ, मऊ, कुठल्याही दाताला चालतील अशा. दाढ नवी राहिली होती. मनगट मात्र कुणी जपून ठेवलं नव्हतं.

घरी पोचल्यावर नाना मोरीपाशी उभे राहिले. छोटा ब्रश उरलेल्या दाढेच्या फटीत घातला. फेस लाल झाला.

"रगत ई ऱ्हायनं," बेबाबाई दारातून म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या आते."

नाना फेसातून काहीतरी बोलले. ते काही कळलं नाही, पण हात चालूच राहिला.