मधात कोणी नको

माझं डोकं लवकर तापते, हे चंद्रपूरचा सारा बाजार सांगन. पण त्या दिवशी माझ्या जागी बर्फाची लादी असती, तरी तिले वाफ सुटली असती.

सकाळी मी दुकानातल्या लॅपटॉपवरची धूळ झटकून राह्यलो होतो अन् समोर एक टेम्पो थांबला. त्यातून माणसं उतरली, ती उतरतच राह्यली. म्हातारे, बाया, एक कडेवरचं लेकरू. साऱ्यांनी पायरीवर चपला काढल्या, आत आले अन् फरशीवर गोल करून बसले. मले वाटलं, कोणाच्या मयतीले निघाले अन् पत्ता चुकले.

"लॅपटॉप पाह्यजे जी," त्यातली करिष्मा नावाची पोट्टी बोलली.

"किती?"

"एक."

"मंग एवढे लोक काऊन?"

"ग्रामसभा आहे. आमच्या गावात सारे हो म्हणतीन तरच ठरते. एक जरी नाई म्हणला, तर नाई. म्हणून सभाच घेऊन आलो."

मूल शहराच्या पलीकडचं, जंगलातलं गाव. त्यांच्या धानाले पाणी देणारी बोडी, म्हणजे लहानसं तळं, सरकारी नकाशात गावाच्या हद्दीबाहेर पडली होती. करिष्मा मोबाईल हातात धरून सारी हद्द पायी फिरली अन् तिनं नवा नकाशा बनवला. गुरुवारी तालुक्याले साहेबांसमोर तो भिंतीवर दाखवायचा होता. भिंतीवर बोडी दिसली तर गावची, नाई दिसली तर गेली. प्रोजेक्टर गावाकडे होता, कोणीतरी जुना झाला म्हणून देऊन टाकलेला.

करिष्मानं दुपट्ट्यातून त्याची वायर काढली. निळ्या तोंडाची, आत काड्याच काड्या.

"ही ज्यात जाईन, तो द्या."

"अवं, ही वायर घेणारे लॅपटॉप आता येतच नाई," मी म्हणलो अन् एक पातळ लॅपटॉप समोर ठेवला. "ऊर्जानगरचे साहेब लोक हाच नेते."

सभेचे अध्यक्ष लटारूभाऊ. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, बैलाच्या तोंडात पाहावं तसं डोळा लावून पाह्यलं. "दोनच भोकं?"

"दोन पुरते."

"एकात लाईटची वायर गेली. उरलं एक. पाहुणा आला तर?"

"कोण पाहुणा?"

"कोणी आपली वायर घेऊन आला तर? त्याले दारात उभं ठेवाचं का?"

झालं! पाहुण्यासाठी एक भोक कायम रिकामं पाह्यजे, असा ठराव माझ्या दुकानात, माझ्या फरशीवर, सर्वानुमते पास झाला.

मी दात आवळले अन् कपाटातून कन्व्हर्टर काढला. बोटाएवढी वस्तू. एकीकडून लॅपटॉपमधी, दुसरीकडून निळी वायर, अन् बाजूले पाहुण्यासाठी एक भोक रिकामं. खेळ खलास.

सोमारीबाई नावाची म्हातारी पुढं सरकली. "हा काय करते?"

"लॅपटॉपकडून घेते, प्रोजेक्टरले देते."

"सोता काई करत नाई?"

"नाई. फक्त मधात राह्यते."

सोमारीबाईनं तो असा खाली ठेवला, जसा विंचूच उचलला होता.

"म्हणजे दलाल."

आता हे गाव आपला बांबू सोता विकते. पहिले मधात एक दलाल होता, त्यानं गावाले धुऊन खाल्लं. तेव्हापासून गावाच्या अन् दुसऱ्याच्या मधात कोणी नको, हा त्यांचा ठरलेला कायदा.

"अवं बाई, प्लास्टिकचा आहे हा!" मी वरडलो.

"तोही पहिले असाच लहानसा होता," सोमारीबाई म्हणली.

"आज नकाशा याच्या हातात देतो," लटारूभाऊ म्हणले, "अन् मधातल्या मधात यानं बोडी ठेवून घेतली तर?"

"आजी, त्याले पोट नाई!" करिष्मा हात जोडून राह्यली. "मी हो म्हणते. चालते हा."

पण बाकी साऱ्यांचं नाई. अन् माझी तर टाळूच पेटली.

"मंग मी कोण आहो? मी नागपूरहून आणतो, तुम्हाले देतो. मीही मधातलाच! जा मंग, उठा!"

लटारूभाऊंनी इचार केला. "गोष्ट बरोबर आहे," ते म्हणले, अन् अख्खी सभा उठली. शांतपणे. लोक चपला पायात घालून राह्यले. करिष्मा तेवढी बसलीच होती, मांडीवर ती वायर घेऊन. तिचे डोळे भरले होते. मले माझ्या तोंडाचा असा राग आला का काय सांगू. पोट्टी सारं जंगल पायी फिरली, अन् मी तिचं काम एका वाक्यात बुडवलं.

सोमारीबाई दारातून वळली. तिनं काउंटरवर बोट दाखवलं. "तो?"

तो माझा लॅपटॉप. काळा, जाडा, विटेवाणी. मी त्याच्यावर बिलं बनवतो. त्याच्या कुशीत सारी भोकं आहेत, निळ्या तोंडाचंही.

"तो विकायचा नाई."

"विकाले आणला नाई?"

"नाई! माझा आहे तो."

"मंग याच्यात तू दलाल नाई," सोमारीबाई म्हणली, अन् सारे परत चपला काढून बसले.

हाच न्यायचा का, एकेकाले विचारलं. साऱ्यांचं हो. मंग लटारूभाऊ माझ्याकडे वळले. "तुमचा?"

"मी सभेत कुठी आहो?"

"सभा तुमच्या घरात बसली जी. तुमच्या हो-बिगर कसं ठरन?"

"मंग माझं नाई."

"काऊन नाई, तेवढं सांगा. आम्ही बसलो आहो."

अन् खरंच बसले. गिऱ्हाईक आले, पाहून गेले. लेकरू झोपलं. कोणी वरडलं नाई, कोणी घासाघीस केली नाई. बाजारातला रस्ता रुंद केला तेव्हा माझी पायरी तोडली, मले कोणी विचारलं नव्हतं. मी खूप वरडलो होतो, कोणी थांबलं नव्हतं. अन् इथी माझं एक नाई ऐकाले अख्खं गाव खाली बसलं होतं.

"त्याची बॅटरी मेली आहे," मी हळूच म्हणलो. "चार्जरची पिन तिरपी करून अंगठ्यानं दाबून ठेवा लागते. जराशी हलली का बंद. ते मलेच जमते. तिथी साहेबांसमोर बंद पडला तर पोट्टीची फजिती होईन."

सोमारीबाईले त्यात काई अडचण दिसली नाई. "मंग तू ये," ती म्हणली.

गुरुवारी मी तालुक्याले टेबलाखाली उकिडवा बसलो, पिनवर अंगठा दाबून. वर करिष्मा बोलून राह्यली होती. भिंतीवर हिरवं जंगल आलं, मंग पिवळी हद्द, अन् हद्दीच्या आत निळी निळी बोडी. साहेब उठून भिंतीजवळ गेले, बराच वेळ पाह्यलं अन् बाजूच्या बाबूले म्हणाले, "बोडी आत आहे. घ्या लिहून."

मंग त्यांचं ध्यान खाली गेलं. "हे कोण बसलेत टेबलाखाली? तुमच्या गावचे आहेत का?"

मागं सारी सभा बसली होती. लटारूभाऊंनी एकेकाकडे पाह्यलं. हो. हो. हो. करिष्मा म्हणली हो. कडेवरच्या लेकराच्या वतीनं त्याची माय म्हणली हो.

सोमारीबाईनं वाकून टेबलाखाली पाह्यलं. "तुझा राह्यला."

"हो," मी म्हणलो. पण अंगठा हलू देला नाई.