बोरगावच्या विहिरीपाशी पडलेली चेन

मी देवमन पानवाल्याची सायकल बोलतेय. मला एक गुन्हा कबूल करायचा आहे. आठ वर्षं पोटात ठेवला, आता राहवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं दुकान, तिथं मला छताला टांगलं होतं. १९५२ साली अंजनगाव सुर्जीच्या देवमननं मला खाली उतरवलं आणि आधी कॅरिअर हलवून पाहिलं. रंग नाही, घंटी नाही, थेट कॅरिअर! हा माणूस काही आपल्याला मखरात बसवत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

देवमनचा नागवेलीचा मळा होता. आठवड्यातून दोनदा पानांची टोपली माझ्या पाठीवर बांधून तो दर्यापूर, मूर्तिजापूर करत अकोल्याला निघायचा. पानाची जात नाजूक, वाऱ्यानंसुद्धा सुकते. म्हणून वाटेत विहीर दिसली की तो उतरायचा, टोपलीवर पाणी शिंपडायचा आणि पुन्हा टांग टाकायचा. बोरगावजवळची विहीर शेवटची.

१९५८ च्या प्रजासत्ताक दिनाला अमरावती ते अकोला सायकलींची शर्यत ठरली. पहिल्याला नवी कोरी सायकल, दुसऱ्याला डायनामोचा दिवा. देवमननं नाव दिलं आणि मी आनंदानं नुसती फुलून गेले. पण त्याची बायको सत्यभामा फटकळ. अंगण झाडता झाडता बोलून गेली, "नवी आली का या खटाऱ्याले भंगारात देऊन टाका. तेवढीच अंगनात जागा होईन."

म्हणजे आम्ही जिंकलो की माझं आयुष्य संपलं. हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शर्यतीत शेषराव नावाचा कॉलेजातला गडी होता, त्याच्याकडं इटलीची सायकल. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर आणि कॅरिअर तर नावालाही नाही. हिच्यावर सामान कुठं ठेवता, असं देवमननं त्याला अगदी मनापासून विचारलं.

मूर्तिजापूरपर्यंत तो पुढं होता. नंतर आमचा रोजचा रस्ता लागला. कुठं खड्डा, कुठं चढ, सगळं तोंडपाठ. बोरगावच्या अलीकडं आम्ही त्याला गाठलं आणि मागं टाकलं. ती ओळखीची विहीर दिसली, आणि माझी बुद्धी फिरली. मी चेन पाडली. मुद्दाम.

देवमननं उतरून चेन चढवली. हात तेलानं काळे झाले, हँडल घसरेल म्हणून तो विहिरीवर हात धुवायला गेला, आणि तिथं त्याला सवय आडवी आली. हात धुऊन त्यानं ओंजळभर पाणी आणलं आणि माझ्या रिकाम्या कॅरिअरवर चहूबाजूंनी नीट शिंपडलं. मग भानावर आला. तोवर शेषराव दिसेनासा झाला होता.

गावानं वर्षभर देवमनची टिंगल केली. पाणी शिंपडल्याची गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी, चेनचं कुणी नावही काढलं नाही. फक्त सत्यभामा एकदा माझ्याकडं बोट करून करवादली. तेव्हा तो म्हणाला, "तिचा दोष नाई. चेन मीच ढिली ठेवली व्हती."

आणि दुसऱ्या बक्षिसाचा दिवा त्यानं माझ्याच हँडलवर बसवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा नाव दिलं. बोरगावची विहीर आली तेव्हा शेषराव आमच्या कोपराला कोपर लावून होता. आणि काय सांगू, या खेपेस चेन खरोखरच सुटायला आली होती. मी ती दातांत घट्ट धरली. भंगार तर भंगार, पण या माणसाला आज उतरू द्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं. अकोल्यात आम्ही एका चाकाच्या अंतरानं जिंकलो. लोकांनी देवमनला खांद्यावर घेतलं आणि मला एका भिंतीला टेकवून ठेवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.

नवी सायकल घरी आली. आठवड्यानं भंगारवालाही आला आणि त्यानं माझं हँडल धरलं. देवमन मळ्याकडं तोंड करून उभा राहिला, त्याला बघवेना. तेवढ्यात सत्यभामा घरातून आली आणि तिनं मागून माझं कॅरिअर धरलं.

"तुमी अकोल्याले गेले का जवळचा पथ्रोटचा बाजार बुडते," ती नवऱ्याला म्हणाली. "नवी तुमी घ्या. मले पडाले जुनीच बरी."

आणि पडली की! महिनाभर पडली. काष्टा घालणाऱ्या बाईला दांडीची अडचण नव्हती, अडचण होती ती वळणाची. तिची कोपरं फुटली, माझा दिवा फुटला, पानांची टोपली दोनदा नाल्यात गेली. पण मी कुरकुरले नाही. आता पथ्रोटचा एकही बाजार आम्ही चुकवत नाही.

चेनचं तेवढं देवमनला सांगू नका. तो रागवणार नाही, हेच तर मला सहन होणार नाही. आणि पथ्रोटच्या रस्त्यावर पदर खोचून सायकल हाणत येणारी बाई दिसली, तर बघत उभे राहू नका, चटकन बाजूला व्हा. सात वर्षं झाली, पण ब्रेक दाबणं तिला अजून कमीपणाचं वाटतं.