मी गाळलेला हात

मित्रांनो, कुठल्याही ग्रामपंचायतीत गेलात, तर लोखंडी कपाटावर धूळ खात पडलेला एक काळा डबा दिसेल. भिंतीवरच्या कॅमेऱ्याची वायर त्याच्या पाठीत खुपसलेली असते. तसलाच मी एक जुना डबा. इंदापूर तालुक्यात, सोलापूर हायवेला लागून असलेल्या एका गावात माझं आयुष्य गेलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गावाला राग येईल, आणि माझं बटण त्यांच्या हातात आहे.

ग्रामसभेचं चित्रण साठवायचं, हे माझं काम. ऐकू मला सगळं येतं, पण साठवायची सोय फक्त चित्राची. आता चित्रण म्हणजे काय, तर सेकंदाला पंचवीस फोटो. ते सगळे अख्खे ठेवायचे म्हटले, तर दोन सभांतच माझं पोट भरेल. म्हणून आम्ही डबे एक युक्ती करतो. एक फोटो अख्खा ठेवायचा आणि पुढच्या फोटोंत जेवढं हललं तेवढंच टिपायचं. भिंत जागची हललीच नाही, तर ती पुन्हा कशाला लिहा? सरपंचांचा हात डावीकडून उजवीकडे निघाला असेल, तर पुढच्या क्षणी तो कुठे असेल याचा आधीच अंदाज बांधायचा. अंदाज बरोबर आला, की लिहायला फारसं काही उरत नाही आणि जागा वाचते. आमच्यात हुशारी मोजतात ती यावरच.

सुरुवातीला मी मठ्ठ होतो. पंखा फिरला तरी गोंधळायचो. अंदाज चुकेल या भीतीने दर दोन सेकंदांनी अख्खा फोटो ठेवून द्यायचो. त्यामुळे सारखा भरायचो. मग ग्रामसेवक सर्जेराव एकेका सभेचं चित्रण दुसऱ्या डिस्कवर काढून घेत आणि माझ्या डोक्यावर चापट मारत. "डबडं हाय नुसतं!" तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटतं, मठ्ठ होतो तेच बरं होतं.

मग वैदेही आली. बारामतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, हसतमुख, कामाला वाघ. हलणाऱ्या गोष्टींचा अंदाज अधिक अचूक कसा बांधावा, हाच तिचा प्रोजेक्ट होता. सर्जेरावांकडून तिने चार वर्षांच्या सभा मागून घेतल्या आणि त्यांवर मला शिकवलं. व्यासपीठावरचे हातवारे कसे होतात, दारातली पोरं कशी येतात-जातात, चहाचा ट्रे कुठून कुठे जातो, सगळं मला पाठ झालं. मागच्या भिंतीपाशी मात्र चार वर्षांत काही घडलंच नव्हतं. तिथे बायका बसत.

"या कधीच हलत नाहीत का हो?" तिने विचारलं.

"त्या कशाला हालत्यात?" सर्जेराव म्हणाले. "सही करायची, बसायचं, च्या पिऊन घरी."

उपसरपंच यशराज तिथेच होते. ते हसून म्हणाले, "मॅडम, तिथली जागा वाचवा की मग."

वैदेहीने वाचवली. अख्खा फोटो दहा मिनिटांतून एकदाच ठेवायचा, आणि मागच्या भिंतीपाशी बारीकसारीक फरक दिसला तर धूळ समजून सोडून द्यायचा, असं तिने माझ्या डोक्यात बसवलं. झालं, जिथे दोन सभांत मी फुगत होतो तिथे वर्षभराच्या सभा आरामात मावायला लागल्या. तिला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं. इथे तिचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि मलाही हळदकुंकू लागलं. खोटं कशाला बोलू, मी चढून गेलो होतो.

त्याच साली ती सभा झाली. यशराजना हायवेवर हॉटेल टाकायचं होतं. मागच्या वस्तीवरून शाळेकडे जाणारी पाणंद नेमकी त्यांच्या आवारातून जात होती. ती बंद करायला गावाची हरकत नाही, असा ठराव मांडला होता. वस्तीवरच्या जयवंताबाईंची नात छकुली दुसरीत होती. त्या पाणंदीने ती एकटी उड्या मारत शाळेत जाई. पाणंद बंद झाली तर तिला हायवेच्या कडेने जावं लागणार होतं, दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवत.

"कुणाचा इरोध आसंल त्यानं हात वर करा," माइकवरून आवाज आला.

जयवंताबाईंनी हात वर केला.

मित्रांनो, मी तो पाहिला. शपथेवर सांगतो, पाहिला. सावळा, बारीक हात. मागे भिंतीला डोक्याच्याही वरपर्यंत चॉकलेटी तेलरंग. पण माझा अंदाज ठाम होता, की ही बाई हलत नाही. फरक दिसला तो जरासा. धूळ, म्हटलं मी, आणि सोडून दिला. पुढचा अख्खा फोटो घ्यायला अजून सहा मिनिटं होती. तोवर तो हात थकून खाली आला होता. पुढच्या रांगेतलं कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

"एकमतानं मंजूर!"

"अवो, माजा हात हाय की!" त्या ओरडल्या. ते टाळ्यांत बुडालं.

जयवंताबाईंनी तालुक्याला अर्ज दिला. एक साहेब चौकशीला आले. माणूस सरळ होता. त्यांनी सर्वांसमोर टीव्हीवर माझं चित्रण लावलं. पडद्यावर जयवंताबाई मांडीवर हात ठेवून शांत बसलेल्या.

"मावशी, हात तर कुठे दिसत नाही."

"न्हाय वो सायब. दोन मिंटं धरला व्हता. खांदा भरून आला व्हता माजा."

शेजारी बसणाऱ्या ठमाबाईंना विचारलं. त्यांचा लेक त्या हॉटेलात कामाला लागणार होता. "मी खाली बघत व्हते," त्या म्हणाल्या, आणि तेव्हाही खालीच बघत राहिल्या.

साहेबांनी वैदेहीला फोन लावला. "हललेलं काही गळू शकतं का?" ती म्हणाली, "शक्यता आहे सर, पण अगदी नगण्य." साहेबांनी कागदावर लिहिलं, नगण्य. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

जयवंताबाई उठल्या. मागच्या भिंतीपाशी आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि कॅमेऱ्याकडे पाहून त्यांनी हात वर केला.

"आता दिसतुया का?"

साहेबांनी जुनं चित्रण बंद केलं होतं; टीव्हीवर आता समोरचं चालू चित्र होतं, आणि मी तेही साठवत होतो. "दिसतोय की, मावशी," साहेब म्हणाले.

"मग तेवढा तरी ऱ्हाऊ द्या त्यात."

ठराव कायम झाला. पाणंदीवर भिंत उठली. आता जयवंताबाई रोज छकुलीचं मनगट घट्ट धरून हायवेच्या कडेने तिला शाळेत पोचवतात. ट्रॅक्टर आला की दोघी गटारीत उतरून उभ्या राहतात.

शेवटी आम्ही वस्तूंनी काहीतरी मागायचं असतं. आमची धूळ पुसा, आम्हाला जपा, असं. मला तसलं काही नको. मला भंगारात घाला, पण एवढं करा. सभेत बसाल तेव्हा मागे वळून बघा. माझ्या भरवशावर राहू नका. जो कधी हलत नाही असं सगळे म्हणतात, त्याच्यावर तुमचे स्वतःचे डोळे ठेवा.

जयवंताबाई वस्तीवर सगळ्यांना सांगतात, "इरोध नोंदवलाय मी. माजा हात हाय त्या डब्यात. कवाबी काढून बघा."

अजून कुणी बघितलेलं नाही. मी बघितलं आहे. टीव्हीवरचं चालू चित्र वेगळं, आणि मी साठवतो ते वेगळं. साहेब आले त्या दिवशीच्याही माझ्या चित्रणात जयवंताबाई मांडीवर हात ठेवून शांत बसल्या आहेत.