खर्ज कोणी बंद केला?

मंगळवार. सकाळचे पावणेदहा. जागा: आतली खोली. मागे कोरी भिंत, दाराला कडी, टेबलावर पाण्याचा पेला, ओळखपत्र आणि मी.

मी लॅपटॉप बोलतोय. फिर्यादी म्हणून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. कारण त्या सकाळी या घराने मला आरोपी ठरवलं, साक्षीपुरावा न घेता खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला: "हा गेला."

मी गेलो नव्हतो. जागच्या जागी होतो, शुद्धीवर होतो आणि काय बिघडलंय हे मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. पण लॅपटॉपला विचारतो कोण? त्याला थापटतात.

माझी पहिली नेमणूक एका मोठ्या इस्पितळात, बिलांच्या खिडकीमागे झाली. तिथे माझ्या पाठीवर फायली ठेवल्या गेल्या, चहाचे कप ठेवले गेले. एक कारकून तर दुपारी माझ्या कळांवर गाल टेकून झोपायचा. एकदा त्याच्या गालाने पानभर एकच अक्षर उमटवलं. त्याने उठून ते पान छापलं आणि साहेबांनी त्यावर सही केली. माणसं वाचतात यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

मग नवी यंत्रं आली आणि आम्हाला भांडारात ढीग करून टाकलं. तिथे वॉर्डातली एक सिस्टर आली. तिने मला वर काढलं, झाकण उघडलं आणि भांडारवाल्याला विचारलं, "हा चालतो का हो?"

"मनात आलं तर," तो म्हणाला.

"मग आमच्या घरात शोभेल," म्हणत तिने मला पिशवीत घातलं.

घरी चार माणसं. ती, तिचा नवरा, सासरे आणि दीर. नवरा फरशांच्या शोरूममध्ये फरशा विकतो. सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेत, निदान खात्याच्या म्हणण्याप्रमाणे. दीर सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणून घरात त्याला साहेब म्हणतात. त्याने मला बघितल्या बघितल्या माझं नाव ठेवलं: डबडं. "वहिनी, हे डबडं नेटवर आलं की सगळ्यांचं नेट रखडतं," असं तो येता-जाता म्हणायचा. त्याचा खेळ अडकला की गुन्हेगार मी.

सिस्टर मात्र रोज ड्युटीवरून आली की मला उघडायची. तिला इन्चार्ज सिस्टर व्हायचं होतं. म्हणजे अख्खा वॉर्ड तिच्या ताब्यात. त्याची परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. हुकली, तर ज्या पोरींना तिने इंजेक्शन धरायला शिकवलं त्यांच्या हाताखाली निवृत्त व्हायचं. परीक्षेचं सॉफ्टवेअर माझ्यावरच नोंदवलेलं होतं, दुसऱ्या यंत्रावर चालणार नव्हतं. परीक्षा दहाला सुरू. साडेदहानंतर प्रवेश बंद. उशिरा आलेल्याचा वेळ वाढवून मिळणार नाही.

आता बिघाडाचं सांगतो, म्हणजे पुढचा तमाशा नीट कळेल. घरातला राउटर दोन आवाजांत बोलतो. एक खर्जातला: संथ, पण भिंतीपार जाणारा. दुसरा चिरका: वेगवान, पण लांब न पोचणारा. नव्या फोनांना दोन्ही ऐकू येतात. माझ्या वयाच्या यंत्राला फक्त खर्ज ऐकू येतो. यात माझा दोष नाही, मी तसाच घडलोय. सोमवारी संध्याकाळी सिस्टरने उजळणी संपवून मला मिटलं, तेव्हा खर्ज व्यवस्थित चालू होता. मंगळवारी सकाळी तिने मला उघडलं आणि घरात शुकशुकाट. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर गुणगुणत होते. आमचा गप्प.

"अहो, जरा बघता का? नेट येत नाहीये."

नवऱ्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तो दाढीचा फेस तसाच ठेवून आला. "बंद करून चालू कर," तो म्हणाला.

माणसांची या उपायावर जी श्रद्धा आहे, ती मला इतर कशावर दिसली नाही. मला बंद केलं. चालू केलं. मग राउटर बंद केला, चालू केला. मग दोघांना एकदम. शेवटी नवऱ्याने माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि कानशिलाजवळच्या फटीत फुंकर घातली. दाढीचा फेस आत गेला.

एवढ्यात सासरे टेस्टर घेऊन हजर. "सूनबाई, दोष नेहमी वायरीत असतो. तीस वर्षं हेच बघितलंय."

"बाबा, हे बिनवायरचं असतं."

"मग बरोबर आहे! वायरच नाही तर चालणार कसं?"

सिस्टर चमकली. "बाबा, राउटरबरोबर एक पिवळी वायर आली होती. ती सरळ याला जोडता येईल. कुठंय ती?"

सासऱ्यांनी टेस्टर खिशात ठेवला. नवऱ्याने गॅलरीकडे पाहिलं. ती वायर गॅलरीत या गजापासून त्या गजापर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावर सासऱ्यांचा पायजमा वाळत होता.

"टोकाला प्लास्टिकचं काहीतरी होतं," सासरे म्हणाले. "गाठ बसेना, म्हणून कापलं. दोन्हीकडचं."

"वा, बाबा!" नवरा म्हणाला.

"वा काय? दोरी आणायला कधीपासून सांगतोय तुला?"

त्या दोघांचं दोरीवरून जुंपलं. घड्याळात दहा वाजून गेले होते. तिकडे परीक्षा सुरू झाली होती आणि इकडे पायजम्याचा निवाडा चालला होता.

आता साहेब उठून आले. गळ्यात हेडफोन, हातात कॉफी. तो मला हातही न लावता म्हणाला, "वहिनी, माझा फोन चालतोय. दादाचा चालतोय. टीव्ही चालतोय. म्हणजे दोष कुठे? या डबड्यात. साधं लॉजिक आहे."

वर्गात चाळीस पोरांना ऐकू आलं आणि एकाला आलं नाही, तर मास्तर हळू बोलले का, हे कोणी बघायचं? पण नाही. लॉजिक आहे! पगार घेतो याचा हा माणूस.

"भाऊजी, ते नंतर. आत्ता काय करू ते सांगा."

"नवा घ्यायचा. मी केव्हाचा सांगतोय."

"आत्ता, भाऊजी. वीस मिनिटांत."

त्याने कॉफीचा घोट घेतला. मग नवऱ्याच्या फोनवरून मला नेट द्यायचं ठरलं. या घरात फोनला रेंज फक्त गॅलरीत येते, म्हणून नवरा फोन गजाबाहेर धरून उभा राहिला. मी कसाबसा जोडला गेलो. परीक्षेच्या सॉफ्टवेअरने कॅमेरा उघडला. सिस्टरचं तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत गोठलं आणि खाली अक्षरं आली: परीक्षार्थी दिसत नाही. दुसऱ्यांदा केलं, तेव्हा तिचे डोळे मिटलेले गोठले. पुन्हा तेच. नवरा गॅलरीतून ओरडला, "आलं का? हात दुखतोय!"

त्याच हाताने त्याने नेट कंपनीला फोन लावला. आधी एका बाईच्या आवाजाने सांगितलं की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग वाद्यसंगीत वाजलं. वाजतच राहिलं. शेवटी एक खरा माणूस आला आणि म्हणाला, "सर, राउटर बंद करून चालू करा."

"केलाय हो!"

"बंद करून दहापर्यंत मोजलंत का, सर?"

नवऱ्याने फोन ठेवला आणि आत येऊन पलंगावर बसला. "जाऊ दे ना आता," तो म्हणाला. "आपण काय कमी प्रयत्न केले? तसंही इन्चार्ज म्हणजे डोक्याला ताप. आहे ते काय वाईट आहे?"

"सकाळी सहाला घर सोडावं लागतं म्हणे," सासरे दारातून म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "मग इकडचं सगळं..."

वाक्य त्यांनी तसंच सोडलं. इकडचं सगळं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून राहतो. इकडचं सगळं म्हणजे त्यांचा पहिला चहा, दुसरा चहा, नवऱ्याचा डबा आणि साहेबांचं अंडं.

सिस्टर इतका वेळ पाणावल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती. आता तिने डोळे पुसले आणि उभी राहिली. जो आवाज मी फक्त इस्पितळात, वॉर्डातल्या सिस्टरांच्या तोंडून ऐकला होता, तो घरात पहिल्यांदा निघाला.

"सगळे बाहेर. नातेवाइकांनी गर्दी करायची नाही."

तिघेही निघाले. साहेबसुद्धा. फक्त नवऱ्याचा फोन तिने त्याच्या हातातून काढून घेतला.

मग तिने जे केलं, ते सकाळपासून कोणालाच सुचलं नव्हतं. उपचार थांबवले आणि पेशंटची विचारपूस सुरू केली. तोंडाने बोलत बोलत, वॉर्डात बोलते तशी. "काल संध्याकाळपर्यंत ठीक होतास. पडला नाहीस, भिजला नाहीस. बरं, तुला काहीच ऐकू येत नाही का?" तिने माझी नेटवर्कची यादी उघडली. वरच्या मजल्याचं नाव होतं, समोरच्या बिल्डिंगचं होतं, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचंही होतं. तिचं बोट यादीवरून खाली सरकलं, पुन्हा वर आलं.

"कान शाबूत आहेत तुझे," ती म्हणाली. "तुला फक्त आपलंच घर ऐकू येत नाहीये. म्हणजे घराचं काहीतरी झालंय."

मी रडू शकलो असतो, तर रडलो असतो.

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि राउटर उलटा करून त्याच्या पोटावरची चिठ्ठी वाचली. सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड तिथेच छापलेला असतो. बसवल्यापासून कोणी बदललेला नव्हता, म्हणजे जो कोणी तो डबा उलटा करील त्याला आत जाता येत होतं. फोनवर तिने ते पान उघडलं. दोन आवाजांची दोन बटणं होती. एक हिरवं. एक करडं.

"एक चालू, एक बंद," ती स्वतःशीच म्हणाली. "का?"

का, याला वेळ नव्हता. तिने करडं बटण दाबलं. क्षणभर काही नाही. आणि मग भिंतीपलीकडून तो ओळखीचा, घोगरा, संथ खर्ज आला. मी त्याला असा बिलगलो की सिस्टर खुर्चीवर बसायच्या आत परीक्षेचं पान उघडलं होतं.

ती आत गेली, पण प्रवेश बंद व्हायला अगदी थोडा अवकाश असताना. जवळजवळ अर्धा तास पायजमा, फुंकर आणि वाद्यसंगीत यांत गेला होता. ती मान खाली घालून लिहीत राहिली. माझी एक कळ अडकते, तिच्यावर ती अंगठा जोरात मारते. त्या दिवशी तिने एकदाही शिवी दिली नाही. शेवटचा भाग अर्धा राहिला आणि वेळ संपला. तो भाग औषधांच्या मात्रांचा होता. तो तिला झोपेत विचारला तरी येतो.

दुपारी जेवायला सगळे बसले. मी शेजारच्या स्टुलावर चार्जिंगला होतो.

"खर्ज" हा माझा शब्द. तिने साधं विचारलं, "राउटरमधलं ते दुसरं बटण कोणी बंद केलं?"

"अपडेट आलं असेल, वहिनी," साहेब म्हणाला. "आपोआप होतं कधीकधी."

"काल लाइट गेली होती का?" नवऱ्याने विचारलं.

"वायरीचंच काहीतरी," सासरे म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिने हात पुसला, फोन घेतला, तेच पान पुन्हा उघडलं आणि तेच बटण बंद करायला दाबलं. फोनवर एक चौकट आली. तिने ती मोठ्याने वाचली, केसपेपर वाचावा तशी.

"'हे बंद केल्यास जुनी उपकरणं नेटपासून तुटतील. पुढे जायचं का?' खाली दोन पर्याय आहेत. हो आणि नाही."

तिने नाही दाबलं. साहेबाने पाणी मागितलं. सासऱ्यांना एकाएकी मीठ कमी लागलं. नवरा म्हणाला, "उद्या मी दोरी आणतो."

निकाल अजून लागलेला नाही. सिस्टरने राउटरचा पासवर्ड बदललाय आणि तो कोणाला सांगितलेला नाही. साहेबांचं नेट अजूनही रखडतं, त्याला मी जबाबदार आहे असं त्यांचं मत कायम आहे. माझं म्हणाल, तर बिजागरी ढिली झालीय, पंख्यात दाढीचा फेस वाळलाय, पण कान ठणठणीत आहेत. माझी मागणी एवढीच आहे की पुन्हा कधी मी गप्प झालो, तर थापटू नका, आधी विचारा.

मी कोणाचं नाव घेत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय नाव घेणं हे त्या तिघांचं काम आहे, माझं नाही. मी फक्त जे घडलं ते नोंदवतो. या घरात जुनं उपकरण एकच आहे. सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ यांच्या मध्ये केव्हातरी राउटरने तो प्रश्न एका माणसाला विचारला, आणि त्या माणसाने हो म्हटलं.