खणाची गळती

जावयाने शिडीवर उभे राहून पाइपची धार गाडीच्या खणाच्या छपरावर सोडली आणि खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केली.

"आई, आलं का पाणी?"

"नाही हो," आतून सासूबाई म्हणाल्या.

"कोपऱ्यात हात लावून बघा. बाबांच्या पलंगाखाली."

"लावला. कोरडं ठणठणीत आहे."

त्याने धार सांध्यावर रोखली. मग उजव्या कडेवर, डाव्या कडेवर, शेवटी वाकून खालच्या बाजूने. बाहेर चिखल झाला, चपलांत पाणी शिरले, बाहीतून एक थंडगार ओघळ थेट काखेपर्यंत पोचला. आत मात्र थेंब नाही. आणि त्याच दिवशी सकाळी सासऱ्यांनी त्याला फोन करून सांगितले होते की, कोपऱ्यातले फडके पिळले तर अर्धी बादली भरली.

सासरे जन्मभर मालट्रक चालवत आले होते. निवृत्त झाल्यावर माणसे ट्रकचे नाव काढत नाहीत. यांनी जुने मोटारहोम विकत घेतले. आत शेगडी, मोरी, दोन पलंग, असे चाकांवरचे घर. दोघे त्यातून मनसोक्त हिंडले. मग सासूबाईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि गाडी लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली, ती कायमचीच. तिच्या एका भिंतीचा भाग बटण दाबले की पलंगासकट बाहेर सरकायचा, कपाटाचा खण ओढावा तसा. म्हणून घरात सगळे त्याला खणच म्हणत. खणात सासऱ्यांचा पलंग, समोरच्या पक्क्या भिंतीला सासूबाईंचा, आणि मध्ये चालायची वाट.

हा खण गळत होता. म्हणजे पाऊस पडला की गळत होता आणि जावयाने पाइप मारला की गळत नव्हता.

जावई फ्रिज दुरुस्त करायचा. दाराच्या रबरातून गारवा कुठे निसटतो हे तो नुसता हात फिरवून सांगे, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. मापाच्या बाबतीत तर विचारूच नका. पेन्सिलीची खूण केली की करवत त्या खुणेवरच चालणार, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. यावरून बायको त्याची यथेच्छ टिंगल करी. असा हा माणूस एका फटीपुढे हात टेकायच्या बेताला आला होता. सगळ्या कडांचे सिलिकॉन त्याने खरवडून काढले, नवे भरले, वाळू दिले. पाऊस आला, कोपरा ओला. पुन्हा खरवडले, पुन्हा भरले. पुन्हा ओला. आता झोपेतही तो काही तरी खरवडत असतो, असे बायकोचे म्हणणे होते.

"रात्री काही उघडं राहतं का?" शिडीवरून उतरून त्याने विचारले. "खिडकी वगैरे?"

सासूबाईंनी खिडकीतून खाली उभ्या सासऱ्यांकडे पाहिले. सासऱ्यांनी पाइप गुंडाळायला घेतला.

"खिडकी ना? छे, घट्ट लावलेली असते," ते म्हणाले.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ दारात बूट न काढताच आत शिरला, कोपऱ्यात गेला आणि टाच दाबली. जमीन उशीसारखी दबली. जावई आणि सासरे त्याच्या मागोमाग आत आले.

"बघितलंत भावोजी? आतला प्लाय कुजलाय. उद्या बाबांचा पाय खाली गेला तर कोण निस्तरणार?"

"मी शोधतोय ना."

"कधीपासून शोधताय? तुमच्यावर राग नाही माझा. पण रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. बरा माणूस आहे, आहे तशी घेतोय. ताईशी बोलणं झालंय माझं. आई तुमच्याकडे, बाबा माझ्याकडे. दोन्ही घरांत एकेकच खाट मावते, त्याला आपण काय करणार? सुट्टीच्या दिवशी भेटतीलच की."

सासूबाई ओटा पुसू लागल्या. तो आधीच पुसलेला होता. सासरे खाली उतरले आणि गेल्या वर्षभरात वीतभरही न हललेल्या गाडीच्या टायरांतली हवा तपासत बसले.

"कोपरा कोरडा राहिला तर?" जावयाने विचारले.

"तर मी कशाला विकू? मलाही काही हौस नाही," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती, आणि म्हणूनच जावयाला जास्त राग आला. ज्याच्यावर धड ओरडताही येत नाही अशा माणसावरचा राग फार चिकट असतो.

मेहुणा गेल्यावर त्याने शेवटचा उपाय काढला. फ्रिजचे दार घट्ट बसते की नाही हे तो कागद लावून पाही. रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची; सहज निघाली तर रबर सैल. त्याने वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, खण थोडा आत घ्यायला लावला, चारही बाजूंच्या रबराखाली पट्ट्या ठेवल्या आणि खण पूर्ण बाहेर सारायला सांगितला. मग एकेक पट्टी ओढून पाहिली. एकही हलेना. जोर केला तर फाटायची, पण निघायची नाही. रबर नव्यासारखे दाबून बसले होते.

"काही दोष नाही," तो स्वतःशीच म्हणाला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर चिखलात भिरकावला. मग तो शोधायला त्यालाच गुडघ्यांवर बसावे लागले. पट्ट्या काढायचे त्याच्या मनात आले नाही. डोक्याचा भुगा झाला होता. चहा नको म्हणून तो तडक घरी गेला.

रात्रभर पाऊस पडला.

सकाळी तो कामावर जायच्या आधीच वखारीमागे पोचला. एरवी तो संध्याकाळचा यायचा. इतक्या लवकर कधीच आला नव्हता. खणाखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजून लगदा होऊन पडल्या होत्या. एकूण एक. ज्या काल ओढून निघत नव्हत्या, त्या आपोआप गळून पडल्या होत्या.

त्याने मान वर केली. खण जागेवर नव्हता. कालच्यापेक्षा चांगला हातभर आत होता. रबर कशालाही टेकले नव्हते, आणि छपरावर साचलेले पाणी शांतपणे त्या फटीतून आत चालले होते.

तो पाहत असतानाच मोटर घरघरली. खण हळूहळू बाहेर आला, रबर दाबले गेले, फट मिटली. जणू काही झालेच नाही.

जावई आत गेला. सासरे बटणापाशी उभे होते, सासूबाई फडके घेऊन कोपऱ्यात वाकल्या होत्या. दोघांचे चेहरे पकडले गेल्यासारखे झाले.

"रोज आत घेता खण?" त्याचा आवाज चढला. "रोज रात्री? आणि मी इथे शिडीवर चढून माकडासारखा... बाबा, तो पूर्ण बाहेर असला तरच रबर बसतं! मध्येच थांबवला की सगळं उघडं!"

"थोडासाच तर घेतो," सासरे म्हणाले. "छप्पर असतं की वर. मला काय ठाऊक, त्यातून पाणी येईल."

"पण कशाला घेता?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "हिला रात्री दचकायला होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून."

"मला काही होत नाही," सासूबाई फडके पिळत म्हणाल्या. "यांनाच झोप लागत नाही."

"खण बाहेर असला की पोचत नाही," सासरे म्हणाले.

"काय पोचत नाही?"

जावयाने एका पलंगाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. दोन्ही उशा एकाच दिशेला होत्या. दोन्ही चादरी वाटेच्या बाजूला चुरगळल्या होत्या. मधली वाट आता रुंद होती, दिवसा दोन माणसे आरामात जातील इतकी.

तो पायरीवर बसला. एवढा राग कुठे ठेवायचा ते त्याला कळेना.

"मुलांना सांगू नका," सासूबाई हळूच म्हणाल्या. "हसतील."

"नाही सांगत." त्याने खिशातून मापाचा टेप काढला. "आडवे व्हा दोघेही. आपापल्या जागी. रात्री झोपता तसे."

"आत्ता? अहो, सकाळ झालीये!"

"आई, मला कामावर जायचंय."

दोघे आडवे झाले. सासूबाईंनी पदर सारखा केला. जावयाने सांगितल्यावर त्यांनी वाटेवर हात पुढे केले आणि दोघेही छताकडे पाहू लागले, डॉक्टरकडे तपासायला आल्यासारखे. बोटांची टोके अधांतरी थांबली. जावयाने मधले अंतर मोजले. आकडा डोक्यात राहिला नाही, म्हणून पुन्हा मोजले.

"तुमच्या पलंगाच्या कडेला बिजागरीची फळी लावतो, आई. रात्री उचलायची, गादी तिच्यावर सरकवायची. सकाळी पाडून टाकायची. खणाच्या बटणाला मात्र आता कोणी हात लावायचा नाही."

वखारीतून त्याने फळी मागून आणली आणि बाहेरच्या ओंडक्यावर ठेवली. खूण करत होता तोच मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, रात्री पाऊस झाला. कोपरा?"

"ओला आहे. पण गळती सापडली. आता नाही व्हायची."

"खरंच? कुठून होती?"

"रबर बसत नव्हतं."

"मग नवं टाकताय?"

"नाही. आईंच्या पलंगाला फळी लावतोय."

"फळी? आईच्या पलंगाला? त्याचा काय संबंध?"

"रविवारी त्या माणसाला आणू नकोस," जावई म्हणाला. "कुजलेला प्लाय मी बदलून देतो. आणि पुढे कधी यांना हलवायची वेळ आलीच, तर दोन खाटा एका खोलीत मावतील असं घर बघ. तोपर्यंत हा विषय नको."

पलीकडे मेहुणा काही तरी विचारत राहिला. जावयाने फोन खिशात घातला, करवत उचलली आणि पेन्सिलीच्या खुणेवर ठेवली. मग थांबला. करवत बाजूला सरकवली आणि फळी खुणेपेक्षा बोटभर रुंद ठेवून कापली.