रुमालाचं दुसरं टोक

“अत्ती, सक्काळी सक्काळी इरकल नेसून कुटं चाललाव?” चुलीपुढं बसलेल्या गिरिजानं विचारलं. तिच्या सासूबाई पार्वतम्मा आरशात बघून अंबाड्यात शेवंतीची वेणी खोचत होत्या.

“कुटंच न्हाय,” त्या म्हणाल्या. “दाढीचं पानी ठेव. लई कडत नको.”

गिरिजानं चमकून ओसरीकडं पाहिलं. सासऱ्यांनी महिनाभर दाढीचं पाणी मागितलं नव्हतं.

ओसरीवर बसलिंगप्पा बसले होते. बसले होते कसले, कुणीतरी कोपऱ्यात ठेवून दिल्यासारखे होते. अंगात चुरगळलेली बंडी, गालांवर पांढरी दाढी, डोकं उघडं. हाच माणूस उभा जन्म कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडत होता, हे सांगून कुणाला पटलं नसतं. डोक्याला रोज ताजा बांधलेला अबोली रुमाल. खिशातल्या रुमालाशी याचं नुसतं नावापुरतं नातं. हा चांगला लांबलचक, फेट्याचा सख्खा भाऊ. वैरागकडून, अक्कलकोटकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी आधी “रुमालवाले अप्पा हायत का?” असं विचारायची आणि मगच पायरीवर चपला काढायची.

मग दुकानाचे म्हातारे मालक गेले आणि त्यांचा मुलगा आला. त्यानं गादी काढून काउंटर बसवला. त्याच्या बेलबॉटमचे पाय एवढे घोळदार की एका पायात बसलिंगप्पांची बंडी निघाली असती. तो गोडच बोलला. “अप्पा, आता टेरिलीनचं गिऱ्हाईक येतंय. काउंटरला रुमालाचं मानूस शोभत न्हाय. आराम करा की आता.”

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी रुमाल ट्रंकेत टाकला. त्यांचा स्वतःचा मुलगा, गिरिजाचा नवरा, मिलमध्ये कमावता होता, पोटाची काळजी नव्हती. पण आधी दाढी सुटली, मग विभूती कपाळावर कशीबशी टेकू लागली, मग अंघोळीलाही दुपार व्हायला लागली. कुणी भेटायला आलं की अप्पा आत जाऊन झोपेचं सोंग घेत. आपला माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय, या धास्तीनं पार्वतम्मांना घास गोड लागेना.

शिवाय त्यांचं स्वतःचं एक दुखणं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रुमाल बांधायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून ताण द्यायचा, दुसऱ्यानं चुण्या घालत स्वतःच्या डोक्याला वेढे घ्यायचे. लग्न होऊन आल्यापासून ते टोक पार्वतम्मांच्या हातात होतं. तेव्हा घर माणसांनी गच्च भरलेलं. सासू, जावा, दीर. दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलायची चोरी. पण रुमालाचं काम म्हटलं की कुणाची हरकत नसे. आणि गंमत अशी की वेढा पडेल तसं टोक धरणारं माणूस पाऊल पाऊल पुढं सरकतं. शेवटचा पदर खोचताना दोघांत वीतभर अंतर उरायचं. पोराचं नाव काय ठेवायचं, नणंदेला कुठं द्यायचं, सगळी बोलणी त्या चार पावलांत झालेली. गेला महिनाभर ती वाट बंद होती.

पार्वतम्मांनी गरम पाण्याचा तांब्या नवऱ्यापुढं आदळला.

“उटा. दाढी करा.”

“कुटं जायचंय?”

“कुटंच न्हाय.”

“मग कुनासाटी नटायचं? दुकान तर गेलं.”

“दुकान गेलं, मी हाय की! त्या पोराला तुमचा रुमाल न्हाय आवडला, मला आवडतोय. रोज मलाच बगायचंय तुमच्याकडं. आनि हे इरकल मी कुनासाटी नेसलंय?”

बसलिंगप्पांनी कित्येक दिवसांनी मान वर करून नीट पाहिलं. इरकल त्यांनीच निवडलेलं होतं. “पदर जरा खाली घे,” ते सवयीनं म्हणाले. “काठ दिसू दे.”

पार्वतम्मांना हसू फुटलं, पण त्यांनी ते दाबलं.

दाढी झाली, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या ठसठशीत उमटल्या. डांबरगोळ्यांच्या वासासकट रुमाल ट्रंकेतून बाहेर आला. पार्वतम्मा टोक धरून आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. पहिला वेढा वाकडा गेला. तो सोडून बसलिंगप्पांनी पुन्हा घेतला, आणि मग बोटांना आपलं काम आठवलं.

“येक इचारू?” पार्वतम्मा म्हणाल्या. “माल आनायला इचलकरंजीला जायचाव, चार-चार दिस ऱ्हायचाव. तितं टोक कोन धरायचं?”

बसलिंगप्पांचे हात थांबले.

“खुंटीला बांदायचो.”

“खुंटीला? आनि जमायचं?”

“ब्येस जमायचं.”

पार्वतम्मांनी वळून पाहिलं. त्यांच्या खांद्यामागंच भिंतीत सागवानी खुंटी होती, सासऱ्यांनी ठोकलेली, बैल बांधला तरी न हलणारी. इतकी वर्षं त्या तिच्यावर पिशव्या अडकवत आल्या होत्या.

“अवो, मग हितं बी हाय की खुंटी!”

“हाय की.” ते खाली बघून चुणी सारखी करत राहिले. या वयातही त्यांचे कान लाल झाले होते. “पन ती पुढं येत न्हाय.”

चुलीपाशी गिरिजानं तोंडाला पदर लावला. पार्वतम्मांनी तिकडं पाहिलंच नाही. टोक घट्ट धरून त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश.