गाडीचं टॉनिक

खुशालरावांची मोटारसायकल नाल्याच्या चढावर अडली आणि पारावर बसलेल्यांना काम मिळालं. त्या साली दोनदा पेरणी मोडली होती, तिसऱ्यांदा पेरायची कोणाची छाती नव्हती. रिकामं डोकं घालायला दुसऱ्याच्या गाडीसारखी जागा नाही.

गाडीचं दुखणं असं होतं, की सपाटीवर ती बरी चाले, पण चढ आला की रेस कितीही पिळा, इंजीन नुसतं बोंबले आणि चाक जागच्या जागी. पुंजाजी म्हणाले, पिस्टन गेला. पुंजाजींनी सत्तर वर्षांत बैलबंडीशिवाय काही हाकललं नव्हतं. भगवंत म्हणाला, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. त्यानं टाकीत नाक घालून वास घेतला आणि वास येत नाही हाच पुरावा मानला. एकानं तर वास्तूकडे बोट दाखवलं, गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी करत जाऊ नका म्हणून. त्या दिवसांत गावात पाहणी पथकंही अशीच येत. एक पथक जीपमधून खाली न उतरताच गावाचं दुखणं लिहून घेऊन गेलं होतं. पण ते शहरातले होते. गाववाले निदान उठून गाडीपर्यंत तरी आले.

खुशालराव सगळ्यांचं ऐकून घेत. त्यांना या निदानांची सवय होती. त्यांच्या बायकोचं, रुख्मिणीचं निदान याच मंडळींनी याच पारावर केलं होतं. तिला धाप लागायची, पाय सुजायचे. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं वय, कोणी म्हणालं घरात बसून अंग जड झालं. आठ महिने ती टॉनिक पीत राहिली. शेवटी अमरावतीला नेली. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, रक्त काढलं आणि उशीर केला म्हणाले. तेराव्याला हीच मंडळी जेवायला बसली, आणि तिला अमरावतीला न्या असं आपण पहिल्यापासून सांगत होतो, यावर बुंदीच्या दुसऱ्या वाढपापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

त्याला आता अकरा महिने झाले होते. आणि दिवाळीपासून प्रणाली, त्यांची एकोणीस वर्षांची पोरगी, हापशीवरून घागर आणताना वाटेत दोनदा खाली ठेवू लागली होती.

खुशालरावांनी या वेळी पाराला विचारलं नाही. अमरावतीला राजापेठेतल्या डॉक्टरकडे गुरुवारी दुपारी दोनचा नंबर लावला. गावाची एसटी बंद पडून वर्ष झालं होतं, तेव्हा जायचं तर मोटारसायकलनंच. आणि नेमकी तीच चढावर बोंबलायला लागली.

गाडी ढकलत घरी आणताना रस्त्यात धर्मपालचं कृषी केंद्र लागलं. धर्मपाल गावात बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा, पण त्याचा खरा जीव टॉनिकवर. कपाशी पिवळी पडली, टॉनिक. पात्या-कळ्या गळाल्या, टॉनिक. बैल बसला, टॉनिक. पीक गेलं तर डोस कमी पडला म्हणायचं, पीक आलं तर टॉनिकचं नाव. त्याच्या फळीवर कपाशीचं, जनावराचं, माणसाचं आणि आता इंजिनाचंही टॉनिक होतं. सगळ्या बाटल्यांवर धावता घोडा आणि आत लालसर पातळ काहीतरी.

खुशालरावांनी उभा जन्म कपाशीत काढलेला. पिवळं पडलं की वरून काहीतरी द्यायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. त्यांनी बाटली घेतली आणि इंजिनाच्या ऑइलमध्ये उलटी केली. दुसऱ्या दिवशी गाडी सपाटीवरही घसरायला लागली. धर्मपालनं डोस कमी पडल्याचं सांगितलं. त्यांनी दुसरी बाटली ओतली. शिवाय धर्मपालनं प्रणालीसाठी एक बाटली पिशवीत घातली आणि एवढ्यासाठी अमरावती कशाला, पंधरा दिवस हे पाजून पाहा म्हणाला.

तरी गुरुवारी सकाळी ते निघाले. प्रणाली मागे, पिशवी तिच्या मांडीवर. सायकलवाले मागे टाकून जात होते. सतरा किलोमीटरला अडीच तास लागले आणि मूर्तिजापूरच्या वेशीवर जळका वास मारून गाडीनं राम म्हटला.

अब्दुल गफ्फारचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्यावर होतं. साठीचा माणूस, डोळ्यांना जाड भिंग. त्यानं गाडीआधी माणसाला तपासलं. कधीपासून, चढावर की सपाटीवर, रेस वाढवली की आवाज वाढतो की वेग, गिअर नीट पडतात का. खुशालरावांनी पिस्टनचं नाव काढलं.

"पिस्टनले काहून बदनाम करता भाऊ? थो बिचारा जीव तोडून राबून राह्यला."

त्यानं गाडी चालू करून पहिला गिअर टाकला, दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि क्लच सोडला.

"आता ही बंद पडाले पायजे होती. पडली का? नाही पडली. म्हंजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचूनच नाही राह्यला. मधातच सुटून राह्यला."

मग त्यानं क्लचची तार पाहिली. तिच्यात हवी तेवढीच ढील होती. ऑइलचं झाकण काढून दोन बोटांत ऑइल चोळलं, परत चोळलं, नाकाशी नेलं आणि भिंगावरून खुशालरावांकडे पाहिलं.

"काय पाजलं हिले?"

खुशालराव रस्त्यावरची एक बकरी पाहू लागले. उत्तर प्रणालीनं दिलं.

"टॉनिक. दोन बाटल्या."

गफ्फार हसला नाही. त्यानं ऑइल तसराळ्यात काढलं, बाजूचं झाकण खोललं आणि क्लचची एकेक प्लेट काढून फडक्यावर मांडली. प्लेटा काळ्या पडल्या होत्या आणि आरशासारख्या चमकत होत्या. तो सांगू लागला, या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं, धरलं की जोर चाकाला जातो. तुमच्या जुन्या झाल्या होत्या, पकड कमी झाली होती, एवढंच होतं. तुम्ही वरून चिकट गुळगुळीत दवा ओतली, मग होती ती पकडही गेली. घसरून घसरून जळाल्या.

"दवा वाईट नसन," तो म्हणाला, "पर उघडून पाह्यल्याबिगर दवा कायची? ज्यानं देल्ली त्यानं झाकण तरी खोललं का?"

प्रणालीनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि फडक्यावर, प्लेटांच्या शेजारी ठेवली. ती अर्धी झाली होती.

"बाबा, आईच्या बाटलीवर बी हाच घोडा होता."

खुशालरावांनी ती उचलून परत पिशवीत घातली. मग विचारलं, गाडी किती वेळात होईल. गफ्फार म्हणाला, आतून सगळं धुवायचं, नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवायच्या, मग बसवायच्या. तीन वाजतील. खुशालरावांना सुटल्यासारखं झालं. दोनचा नंबर तर गेलाच. पुढच्या गुरुवारी जाऊ, तोवर उरलेली बाटली होईल. असं ते बोललेही, आणि बोलता बोलता त्यांना ऐकू आलं की हा आवाज त्यांचा नाही. पारावरचा आहे. आठ महिने ते स्वतःही तेच बोलत होते, पुढच्या हप्त्यात जाऊ.

"भाऊ," गफ्फार प्लेट पुसत म्हणाला, "बडनेऱ्याची गाडी वीस मिनिटांत हाये, तिथून अमरावती लागूनच. ठेसन समोर हाये. हे लोखंड कुठी पळून नाही चाललं."

खुशालराव उठले. गाडीचे सतरा तुकडे फडक्यावर तसेच टाकून ते पोरीला घेऊन स्टेशनाकडे निघाले. जिन्यावर ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा ते तिच्याबरोबर थांबले.

राजापेठेत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, रक्त काढलं. रक्त फारच कमी होतं, का कमी होतं ते पाहायला आणखी दोन तपासण्या सांगितल्या. मग म्हणाले, वेळेत आणली. खुशालरावांनी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं. डॉक्टरांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून ते मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळी मूर्तिजापूरला परतल्यावर गफ्फारनं गाडी हातात दिली. क्लच सोडताच ती अशी उचलली की प्रणालीनं त्यांचा शर्ट पकडला. नाल्याचा चढ ती एका दमात चढली. पारानं ते पाहिलं. पुंजाजी म्हणाले, पिस्टन बदलला वाटते.

धर्मपाल दुकानातून बाहेर आला. तोंडभर हसून म्हणाला, "लागू पडलं ना टॉनिक? मी म्हटलंच होतं."

खुशालरावांनी गाडी बंद केली नाही. पिशवीतून पोरीची अर्धी बाटली काढली, दुकानात शिरून फळीवरची इंजिनाची उचलली, तीही अर्धी मातीत ओतली, पाठ फिरवून दोन्हींवरचे घोड्याचे कागद ओरबाडून काढले आणि दोन्ही बाटल्या अदलाबदल करून त्याच्यापुढे ठेवल्या.

"यातली पोरीची कोणती अन् गाडीची कोणती, सांग बरं. पोरीची म्हणशीन त्यातलं एक झाकण भरून पे. मी हाओ इथंच."

पारावरचे सगळे उठून आले. धर्मपालनं एक बाटली नाकाशी नेली, मग दुसरी, मग परत पहिली.

गाडी उभ्या उभ्या शांत चालू होती.